तिथी पाहून चालायचं : कर्दे ते हरिहरेश्वर, पाच दिवस

काकांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. आईचं वय बहात्तर, आणि तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतोय. लेक आठ वर्षांची. नवरा महिन्याला एखादा गड चढून येणारा, आणि मी या सगळ्यांच्या मधे कुठेतरी. आम्ही पाच जण एकत्र चालायला गेलो की कोणीतरी पायथ्याशी बसून राहतं. बहुतेक वेळा ती आई असते. "तुम्ही या जाऊन, मी सामान बघते." यंदा हे वाक्य मला ऐकायचंच नव्हतं.

म्हणून समुद्र. किनाऱ्याला माथा नसतो, त्यामुळे माथा गाठायचा राहिला अशी रुखरुखही नसते. दमलं की जिथे असू तिथून मागे फिरायचं, आणि फिरलं तरी समुद्र तेवढाच मिळतो. काकांना डॉक्टरांनी सपाटीवर रोज चालायला सांगितलं होतंच. ओल्या पुळणीइतकी सपाट आणि मऊ वाट दुसरी कुठली?

फक्त ती वाट दिवसभर जागेवर नसते. हे काकांनी सांगितलं, आणि सहलीच्या तारखाही त्यांनीच काढल्या. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "तिथी सांग, भरती सांगतो." हिशेब साधा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला एवढं पुरतं. शिवाय पुनव-अवसेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं नि खूप आतही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा चढ-उतार दोन्ही कमी.

आम्हाला ओहोटी सकाळी हवी होती, ऊन चढायच्या आत. माघ वद्य द्वितीया ते षष्ठी हे पाच दिवस निवडले. द्वितीयेला सकाळची ओहोटी साडेसातला, मग रोज पाऊण तास पुढे सरकत षष्ठीला साडेदहाला. हे पुढे किती उपयोगी पडलं ते शेवटच्या दिवशी कळलं.

पहिला दिवस : कर्दे

पुण्याहून पहाटे निघून ताम्हिणीने उतरलो आणि दुपारी दापोली मागे टाकून कर्द्याला पोचलो. घाटाच्या वळणांनी लेकीला मळमळलं. आईने आल्याच्या वड्या आणल्या होत्या, त्यांवर निभावलं. जेवून सगळे आडवे झाले.

साडेपाचला बाहेर पडलो. पाणी उतरत होतं. घराच्या मागच्या आगरातून, नारळीपोफळीखालून चार पावलं गेलं की गडगा, गडग्यापलीकडे कोरड्या वाळूवर पसरलेली मर्यादावेल. जांभळट फुलं संध्याकाळी मिटलेली. या वेलीचं नाव मला फार आवडतं. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती सुरू होते, आणि तिच्या मुळ्यांनी वाळू धरून ठेवलेली असते. ती तुडवून जाऊ नये. आम्ही कडेकडेने उतरलो.

पहिले वीस-पंचवीस पावलं कोरडी वाळू. आई माझा दंड धरून चालली. मग पाय एकदम घट्ट जमिनीवर आल्यासारखे झाले. पाणी नुकतंच सोडून गेलेली करड्या रंगाची ओली पट्टी, इतकी घट्ट की टाच उमटते पण रुतत नाही. आईने माझा हात सोडला. मी काही बोलले नाही, नुसती मागे राहिले.

लेक पुढे उकिडवी बसली होती. तिच्यापुढे मोहरीएवढे वाळूचे गोळे, शेकडो, एका इवल्याशा बिळाभोवती किरणांसारख्या रेषांत मांडलेले. पाय वाजला की तिथे कोणी नसतं. दोन मिनिटं अजिबात हललो नाही, तेव्हा नखाएवढा खेकडा वर आला. दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात घालायचा, तीतलं खाणं काढून घ्यायचा आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून मागे टाकायचा. पुन्हा वाळू, पुन्हा गोळा. "हा रोज एवढं करतो आणि भरती आली की सगळं पुसून जातं?" लेकीने विचारलं. काका म्हणाले, "हो, आणि उद्या परत."

त्या संध्याकाळी जेमतेम एक किलोमीटर झालं असेल. नवऱ्याने एकट्याने पुढे टोकापर्यंत जाऊन घेतलं. बाकीच्यांनी सूर्य बुडेपर्यंत खेकडे पाहिले.

दुसरा दिवस : कर्दे ते मुरूड, संध्याकाळी हर्णै

आज खरं चालणं. तृतीया, ओहोटी सव्वाआठला. पावणेसातला चहा-बिस्किटं घेऊन निघालो. नवऱ्याची आणि आमची चाल जुळत नाही, त्यावर एक तोडगा निघाला आणि पुढे रोज तोच वापरला. तो गाडी घेऊन मुरूडला गेला, तिथे लावली आणि उलट आमच्याकडे चालत आला. अर्ध्या वाटेत भेट झाली, मग सगळे मिळून मुरूडकडे. त्याचं दुप्पट चालणं झालं, आम्हाला परत यायची काळजी राहिली नाही, आणि कोणी दमलंच तर तो पुढे जाऊन गाडी जवळच्या वाटेने आणू शकत होता.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते. पुळण पाण्याच्या बाजूला कलती असते. एकाच दिशेने खूप वेळ चाललं की खालच्या बाजूचा पाय सतत खाली पडतो आणि कंबर भरून येते. म्हणून पाणी अगदी आत गेलेलं असताना, खालच्या सपाट भागात चालावं. आईने एका हातात काठी घेतली होती, तीसुद्धा पाण्याच्या बाजूच्या हातात. पायात मागे पट्टा असलेल्या सँडल. अनवाणी छान वाटतं, पण शिंपल्यांच्या कडा धारदार असतात, आणि मधुमेह असेल तर तो मोह टाळावाच.

पाण्याच्या रेषेवर कुरवांचा थवा बसला होता. आम्ही जवळ गेलो की सगळे उडायचे आणि पन्नास पावलांवर परत उतरायचे. हिवाळ्यापुरते आलेले पाहुणे. असं चार वेळा झालं, तेव्हा आई म्हणाली, "अगं, वरून वळसा घालून जाऊ या, किती वेळा उठवायचं त्यांना?" आम्ही वळसा घातला.

पुढे मात्र वाईट वाटलं. घट्ट पुळण म्हणजे मोटारी पळवायचं मैदान असं पुष्कळांना वाटतं. दोन गाड्या पाण्याच्या कडेने गोल गोल फिरत होत्या. त्या चाकांखाली कालचे ते गोळे करणारे खेकडे आहेत, आणि याच किनारपट्टीवर कासवं अंडी घालायला येतात. आम्ही त्या मुलांशी बोललो. एकाने ऐकलं, दुसऱ्याने नाही. गाडी रस्त्यावर ठेवा आणि उतरून चाला, एवढंच मागणं आहे.

मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. जन्म आजोळी शेरवलीला १८५८ मधे, पण लहानपण इथलं. सहावीच्या परीक्षेला बसायला ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले होते, आणि तिथे "वयाने लहान दिसतोस" म्हणून त्यांना परत पाठवलं. काकांनी ही गोष्ट दुर्गादेवीच्या देवळात लेकीला सांगितली. देऊळ जुनं, कोरीव लाकडी खांबांचं, आत शिरताच गार वाटतं. "मग ते परत पण चालतच आले?" यावर काका थोडा वेळ गप्प बसले. "हो गं. चालतच." १९५८ मधे, शंभरीत, त्यांना भारतरत्न मिळालं.

दुपारी विश्रांती, संध्याकाळी हर्णै. बंदरातला लिलाव ज्यांना वासाचा त्रास होत नाही त्यांनी जरूर बघावा. वाळूवरच ढीग, पापलेट, सुरमई, म्हाकुळं, कोळंबी, आणि भोवती बायकांचा कोंडाळा. बोली इतकी भरभर की आकडे आम्हाला कळले नाहीत. त्यांना एकमेकींचे डोळे वाचता येत होते. तिथून जवळच कनकदुर्ग, समुद्रात घुसलेल्या खडकावर, वर दीपगृह. पायऱ्या थोड्याच आहेत. आई दोनदा थांबून चढली.

समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. १७५५ मधे तुळाजी आंग्र्यांकडून तो घेण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली, आणि कमोडोर जेम्सने तो जिंकला. पुढे त्याच्या बायकोने त्याच्या स्मरणार्थ लंडनजवळ एक बुरूज बांधला, त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग'. ते म्हणजे आपल्या सुवर्णदुर्गाचंच इंग्रजी तोंडी झालेलं रूप. हर्णैच्या या खडकाचं नाव तिकडच्या टेकडीवर आजही आहे. आपल्या घरच्यांचं भांडण मिटवायला परक्याला बोलावलं, याचं मला प्रत्येक वेळी दुःख होतं. किल्ला तसाच उभा आहे, तटाला लाटा लागतायत. काळोख पडेपर्यंत आम्ही तिथून उठलो नाही.

तिसरा दिवस : आंजर्ले

संकष्टी चतुर्थी. आईचा उपास, आणि कड्यावरच्या गणपतीला जायचं तिने निघण्याआधीच ठरवलं होतं. खाडीवर आता पूल झालाय. आईला आठवतं ते तरीतून येणं. तिच्या माहेरच्या कोणाचं तरी लग्न होतं, आणि वऱ्हाड तरीतून उतरताना करवलीची चप्पल पाण्यात पडली होती. ती गोष्ट तिने पुलावर सांगितली, गाडी थांबवायला लावून.

गणपतीला जायच्या दोन वाटा. गावातून जुनी पायऱ्यांची पाखाडी, आणि मागून थेट वरपर्यंत गाडीचा रस्ता. नवरा, लेक आणि मी पाखाडीने चढलो. काका आणि आई रिक्षाने. बरोबर एकाच वेळी देवळापाशी भेटलो. पाखाडी चढायला सोपी आहे, सावली पुष्कळ, पण पायऱ्यांची उंची सारखी नाही. उतरताना गुडघ्यावर भार येतो. मूर्ती उजव्या सोंडेची. देऊळ मूळचं समुद्राकाठी होतं, पाणी चढलं तेव्हा देव कड्यावर आला अशी इथली श्रद्धा, आणि डोंगरावर त्याचं पाऊल दाखवतात. कड्यावरून सुवर्णदुर्ग पुन्हा दिसला, कालच्यापेक्षा लहान आणि अधिक एकटा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक दुपारी झाली, आणि ती माझी. आंजर्ल्याचा किनारा, सुरूचं बन, फोटोत पाहिलेलं सगळं मनात होतं. उद्या केळशी, तेव्हा आजच चालून घेऊ म्हणून चार वाजता सगळ्यांना बाहेर काढलं. काकांनी विचारलं, "चतुर्थीला भरती किती वाजता?" तीन. म्हणजे पाणी अजून वरच होतं. मी म्हटलं, उतरेल. ते उतरलं, पण हळूहळू. ओली पट्टी पाण्याखाली आणि आम्ही वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत. प्रत्येक पावलाला पाय घोट्यापर्यंत आत जायचा आणि आईचा गुडघा आडवा वळायचा. अर्ध्या किलोमीटरवर ती बसली. काकांचा श्वासही जोरात चालला होता. किनाऱ्यापासून रस्त्यापर्यंतचा तोच टापू परत तुडवायचा होता. नवऱ्याने आईला आधार देऊन सुरूच्या बनात नेलं, तिथे सुयांचा थर पडून जमीन टणक झालेली असते. त्या बनातून आम्ही हळूहळू रस्त्याला लागलो.

तेच अंतर, तीच माणसं, तोच समुद्र, आणि वेळ चुकली की सोपी वाट अवघड. रात्री गुडघ्याला शेकत आई म्हणाली, "उद्या मी आहे हो." चंद्र साडेनऊच्या पुढे उगवला. घरमालकिणीने उकडीचे मोदक केले होते. काकांनी दोनच खाल्ले, डॉक्टरांना आठवून.

चौथा दिवस : केळशी आणि वेळास

पाडले, आडे करत केळशी. रस्ता समुद्राला धरून जातो, काही ठिकाणी इतका जवळून की खिडकीतून लाट दिसते. पंचमी, ओहोटी पावणेदहाला. आठला पुळणीवर होतो.

केळशीचा किनारा या पाच दिवसांतला सगळ्यात उत्तम. रुंद, सपाट, माणूस नाही. गुडघा आखडलेला असूनही आई पाऊण तास चालली, मधे घडीच्या स्टुलावर बसत. ते स्टूल नवऱ्याच्या पाठीवर. ज्येष्ठांबरोबर जाणाऱ्यांनी एवढं एक ओझं घ्यावंच. पुळणीवर टेकायला काही नसतं, आणि खाली बसलं की उठवत नाही.

खाडीच्या बाजूला वाळूची उंच टेकडी आहे. एवढी वाळू एका जागी वाऱ्याने आणली असेल असंच वाटतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या संशोधकांनी इथे काम केलं, आणि पाचेकशे वर्षांपूर्वीच्या सुनामीशी तिचा संबंध जोडला. १५२४ मधे वास्को द गामाचं आरमार दाभोळजवळ असताना समुद्र अचानक खवळल्याची नोंद आहे, वारा नसताना. त्या टेकडीपाशी उभं राहून ते ऐकताना लेक समुद्राकडे बघत होती. समुद्र तळ्यासारखा होता. टेकडीवर आम्ही चढलो नाही. पायाने वाळू घसरते, आणि ती नुसती वाळू नाही, हे कळल्यावर चढवेना.

केळशी गावातून फिरणं हीसुद्धा एक सोपी पायवाट समजावी. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, आत आगरं, माणसापुरती रुंद वाट, आणि शेवटी तलावाकाठी महालक्ष्मीचं घुमटांचं देऊळ. उन्हं चढल्यावर सावलीत चालायचं तर असं गाव हवं.

दुपारनंतर वेळास, मंडणगड तालुक्यात. नाना फडणविसांचं मूळ गाव. आता त्याची ओळख कासवांमुळे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी अंडी चोरीला जायची, कुत्री-कोल्हे उकरायचे. आता अंडी अलगद काढून किनाऱ्यावरच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यांत ठेवतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात.

गावातून किनाऱ्यापर्यंत वीसेक मिनिटांची वाट. आईला पस्तीस लागली. पावणेसहाला कुंपणापाशी पोचलो. घरट्यांवर वेताच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या. कार्यकर्ता एकेक उचलून बघतो. पहिली रिकामी, दुसरी रिकामी. पाचव्या टोपलीखाली वाळू हलली. आधी एक काळा वल्ह्यासारखा पाय, मग टोक आलेलं इवलंसं डोकं, डोळ्यांवर वाळू. सात पिल्लं. दोरीमागे आम्ही सगळे गप्प. पिल्लांना पाण्यापासून थोडं अलीकडे सोडतात, म्हणजे वाळूवरून चालत ती स्वतः जातात. एक सारखं आमच्या पावलाच्या ठशात पडत होतं. तो ठसा त्याच्यासाठी खड्डाच. धडपडून वर यायचं, दोन वीत चालायचं, दुसऱ्या ठशात पडायचं. आई पुटपुटत होती, "चल, चल बाळा." लाट आली, त्याला उचललं, उलटं केलं, मागे टाकलं. दुसऱ्या लाटेत ते दिसलं नाही.

काका चष्मा पुसत होते. बॅटरी कोणी लावायची नाही हे आधीच सांगितलेलं असतं, पिल्लं उजेडाकडे वळतात. अंधारात सगळे एकमेकांचे हात धरून परत आलो.

पाचवा दिवस : हरिहरेश्वर

वेसवीहून जंगलजेट्टीत गाडी चढवली आणि सावित्री ओलांडली. बाणकोटचा किल्ला वरून बघायचा राहिला, पण घड्याळ महत्त्वाचं होतं. षष्ठी, ओहोटी साडेदहा.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग सोप्या वाटांच्या यादीत घालतात, आणि मला ते पटत नाही. देवळामागून पायऱ्या चढून टेकडीवर जायचं, मग दोन कड्यांमधल्या अरुंद घळीतून उभ्या पायऱ्या उतरून थेट समुद्राच्या खडकांवर. खाली वाट अशी नाही, लाटांनी झिजवलेला खडक आहे, शेवाळ आहे. भरतीला तो भाग पाण्याखाली जातो आणि इथे माणसं वाहून गेलेली आहेत. पाटी लावलेली आहे, ती वाचावी. शिवाय भांगाकडे झुकलेल्या तिथीला ओहोटीचं पाणीही फार आत जात नाही. आम्ही देवळात विचारलं, "आत्ता गेलं तर चालेल का?" "साडेअकराच्या आत या," म्हणाले.

नवरा आणि लेक घळीतून उतरले. आई, काका आणि मी उलट बाजूने, पुळणीकडून खडकावर शिरलो. तिथला सुरुवातीचा टापू बराचसा सपाट आहे. आई काठी आधी टेकवायची, मग पाऊल. शेवाळ दिसलं की काका सांगायचे, "वहिनी, डावीकडे." शंभरेक पावलांवर कड्याची ती भिंत आली, लाटांनी नि खाऱ्या वाऱ्याने मधमाशांच्या पोळ्यासारखी कोरलेली. वीतभर, बोटभर, काही नुसती नखभर अशी भोकं, आणि मधल्या भिंती पोळीइतक्या पातळ. आईने काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात त्या दगडावर ठेवले. एका भोकात बोट घालून बघितलं. आत ओल होती.

पलीकडून लेक हाका मारत येत होती. तिचा फ्रॉक गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात काही नाही. शिंपला तिने होता तिथेच ठेवला होता, कारण त्यात कोणीतरी राहत होतं.

काकांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा. मघाशी कोरडा असलेला एक खड्डा भरायला लागला होता.

"फिरलं पाणी," ते म्हणाले, आणि आम्ही पाचही जण मागे वळलो.